घरातल्या संगणकाचा आवाज : प्रस्तावना

संगणक घ्यायला निघालेला माणूस दुकानदाराला बरंच काही विचारतो. प्रोसेसर कोणता, रॅम किती, वॉरंटी किती वर्षांची, शेवटचा भाव काय. चालू असताना हा आवाज किती करेल, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. विचारून फारसा उपयोगही नसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत बाहेर टेम्पो हॉर्न देत असतो, आत चार गिऱ्हाइकं एकाच वेळी बोलत असतात. तिथे कुठलंही यंत्र गप्पच वाटतं. त्याचा खरा आवाज कळतो घरी, रात्री अकरानंतर, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात. टिकाऊपणाचंही असंच आहे. चार वर्षांनी मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगणार की नाही, हे खोक्यावर छापलेलं नसतं. काउंटरवर न दिसणारे हे दोन गुण या पुस्तकाने एकत्र हाताळले आहेत, आणि माझ्या मते तो त्याचा सर्वांत शहाणा निर्णय आहे. दोन्हींचं मूळ एकच: यंत्र किती तापतं आणि ती उष्णता कोणत्या वाटेने बाहेर पडते.

हे मूळ समजायला थोडं पदार्थविज्ञान लागतं, पण फार नाही. संगणक सॉकेटमधून जेवढी वीज घेतो, तिची शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. त्यावर कोणी हिशेब लिहो नाहीतर गेम खेळो, शंभर वॅट आत गेले की शंभर वॅटची धग खोलीत येते. त्यातली बरीचशी प्रोसेसरच्या नखाएवढ्या चिपमध्ये तयार होते. तिथून ती तांब्याच्या पट्टीत, पट्टीतून हीट पाइपमध्ये आणि पाइपातून हीटसिंकच्या पातळ पात्यांत जाते. हीट पाइप म्हणजे आतली हवा काढून थोडंसं पाणी भरलेली बंद नळी. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचं पाणी होतं, आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते पाणी पुन्हा गरम टोकाकडे झिरपतं. इथपर्यंतचा सगळा प्रवास निःशब्द असतो. पात्यांमधली धग उचलून न्यायला हवा हलवावी लागते, आणि आवाज सुरू होतो तो तिथे, पंख्यापाशी.

पंख्याच्या गणितात एक सुखद गोष्ट दडलेली आहे. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. डेसिबलच्या मापात १० उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. म्हणजे हवेतला तोटा निम्मा आणि कानाचा फायदा निम्म्याहून बराच अधिक. त्यात पंखा मोठा घेतला की फायदा आणखी वाढतो. ८० मिलिमीटरच्या पंख्याला जेवढी हवा ढकलायला मिनिटाला तीन हजार फेरे लागतात, तेवढी १२० मिलिमीटरचा पंखा हजाराच्या आत ढकलू शकतो. शांत संगणकाची अर्धी विद्या एवढ्यात आली. उरलेली अर्धी चिवट आहे. बेअरिंगची घरघर, पंख्याची कंपनं कॅबिनेटच्या पत्र्यात उतरून होणारा घुमारा, जाळीवर हवा आपटून निघणारी शीळ, हार्ड डिस्कची कुरकुर. आणि ग्राफिक्स कार्डातल्या तारांच्या वेटोळ्यांमधून वीज झपाट्याने कमी-जास्त होताना निघणारी ती बारीक किणकिण, जी पन्नाशीच्या बापाला ऐकूच येत नाही आणि पंधरा वर्षांच्या मुलीला वेड लावते.

सुरुवातीच्या यंत्रांना शांततेचा प्रश्न पडलाच नव्हता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक निर्वात नळ्यांवर चाले; तसल्या यंत्रांना स्वतंत्र दालन लागे आणि त्यांच्या उशाशी कोणी झोपत नसे. यंत्र टेबलावर आलं तेव्हा प्रश्न उभा राहिला. १९७७ चा ॲपल टू पंख्याविना होता, कारण त्याचा स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय त्या काळच्या मानाने कमी तापे. १९८१ च्या आयबीएम पीसीत पंखा आला, पण तो पॉवर सप्लायच्या डब्यात. प्रोसेसरवर साधा हीटसिंकही नव्हता. या दोहोंच्या मधे, १९८० साली, ॲपल थ्रीची गोष्ट घडली. यंत्रात पंखा नको, हा स्टीव्ह जॉब्स यांचा हट्ट. उष्णता ॲल्युमिनियमच्या जाड तळातून निघून जाईल ही अपेक्षा. पण यंत्रं बिघडू लागली, चिप्स सॉकेटमध्ये सैल होऊ लागल्या, आणि यंत्र टेबलावरून दोन-तीन इंच उचलून सोडून द्या, असा सल्ला ग्राहकांना दिला जाई, ही कथा आजही सांगितली जाते. शांतता आणि टिकाऊपणा यांची फारकत केली तर काय होतं, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही. गंमत म्हणजे जॉब्स यांनी हट्ट सोडला नाही. २००० साली त्यांनी पॉवर मॅक जी-फोर क्यूब आणला: मधोमध उभी पोकळी, खालून थंड हवा आत, वरून गरम हवा बाहेर, पंखा नाही. देखणा, शांत आणि महाग. वर्षभरात तो बाजारातून मागे घेतला गेला.

नव्वदच्या दशकात धग वाढत गेली. १९९३ चा पहिला पेंटियम पंधरा वॅटच्या आसपास खात होता. २००४ मध्ये पेंटियम फोरची प्रेस्कॉट ही आवृत्ती आली तेव्हा आकडा शंभरापलीकडे गेला होता. वेग म्हणजे गिगाहर्ट्झ आणि गिगाहर्ट्झ म्हणजे प्रगती, असा तो काळ. २००३ चं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा हे ग्राफिक्स कार्ड आवाजासाठी इतकं बदनाम झालं की एनव्हिडियाच्या लोकांनी स्वतःच त्याची टिंगल करणारा व्हिडिओ काढला. अखेर २००४ च्या मे महिन्यात इंटेलने प्रेस्कॉटचा वारसदार तेजस बाजारात येण्याआधीच रद्द केला. पुढची दिशा आली लॅपटॉपसाठी इस्रायलमध्ये तयार झालेल्या पेंटियम एमच्या कुळातून, आणि २००६ च्या कोअर टू ड्युओने टेबलावरच्या संगणकाला पुन्हा ६५ वॅटवर आणून ठेवलं. हे कोणी कानांवर दया येऊन केलं नाही. भिंत लागली म्हणून केलं. फायदा मात्र कानांनाही झाला.

याच कोलाहलाच्या वर्षांत शांत संगणकाची स्वतंत्र विद्या आकाराला आली. तिचे आरंभीचे साधक हौशी होते: बारा व्होल्टचा पंखा सात किंवा पाच व्होल्टवर चालवणारे, हार्ड डिस्क इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर टांगणारे, पत्र्याची कर्कश जाळी कातरून टाकणारे. त्यांच्या प्रयोगांना शिस्त लावणाऱ्यांत कॅनडातले माइक चिन हे मोठं नाव. यंत्राचा आवाज कसा मोजावा, कोणत्या अंतरावरून, कोणत्या खोलीत, याचा आग्रह त्यांनी धरला, आणि २००५ मध्ये अँटेक या कंपनीबरोबर पी-१८० हे कॅबिनेट घडवण्यात त्यांचा हात होता. पॉवर सप्लाय तळाच्या वेगळ्या कप्प्यात, दारं एकावर एक थर बसवून जाड केलेली, हार्ड डिस्कखाली सिलिकॉनच्या मऊ चकत्या. आज मध्यम किमतीच्या कॅबिनेटमध्येही पॉवर सप्लायला तळाशी वेगळी जागा असते, ती कल्पना अशाच प्रयोगांतून रुळली. पाठोपाठ उद्योग आला. कोरियाची झालमन, ऑस्ट्रियाची नॉक्टुआ, जर्मनीची बी क्वाएट, स्वीडनची फ्रॅक्टल डिझाइन, तैवानची सीसॉनिक. नॉक्टुआने तर तपकिरी आणि फिकट पिवळसर असे, कोणालाही पहिल्या नजरेत आवडणार नाहीत अशा रंगांचे पंखे विकून नाव कमावलं. दिवाळीच्या माळेसारखी लुकलुकणारी कॅबिनेटं पाहिली की मला त्या तपकिरी रंगाबद्दल आदर वाटतो.

या विद्येत आता चार-पाच पंथ आहेत, आणि त्यांच्यातले वाद भजनी मंडळांच्या वादांपेक्षा कमी चुरशीचे नाहीत. मंद हवेचा पंथ सर्वांत जुना: मोठा हीटसिंक, मोठे पंखे, कमी फेरे, मोकळी जाळी. अस्तराचा पंथ म्हणतो की कॅबिनेटच्या आत फोम लावा, दारं बंद ठेवा, आवाज आतच मुरवा. यावर पहिल्यांचा आक्षेप असा की दार बंद केलं की हवा कोंडते, हवा कोंडली की पंखा जोरात फिरतो, आणि अस्तराने वाचवलेला आवाज पंखा परत करतो. आक्षेप बराच खरा आहे. फोम उंच पट्टीचे आवाज खातो, पण घुमारा त्याला फारसा आवरत नाही. पाण्याचा पंथ उष्णता पाण्याने लांब नेऊन मोठ्या रेडिएटरवर सोडतो. मोठ्या ग्राफिक्स कार्डांसाठी हे समजू शकतं, पण पंपाचा स्वतःचा गुणगुणाट असतो, आणि काम चालू ठेवायला आणखी एक फिरता भाग आला की बिघडायला आणखी एक जागा आली. घरच्या साध्या संगणकाला पाणी लावणं मला तरी हौसेच्या सदरातलं वाटतं.

बिनपंख्याचा पंथ सर्वांत कडक. कॅबिनेटच हीटसिंक, बाहेरून पात्यांचा ठोकळा, आत काहीही फिरत नाही. २००१ नंतर व्हिया या तैवानी कंपनीने तळहातापेक्षा थोड्या मोठ्या मिनी-आयटीएक्स मदरबोर्डांवर थंड डोक्याचे प्रोसेसर बसवून या पंथाला बळ दिलं. वेग बेताचा, पण टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. आणि शेवटचा पंथ, ज्याला मी स्वतः सर्वांत जास्त मानतो, तो म्हणतो की धग काढण्याच्या युक्त्या नंतर, आधी धग निर्माणच कमी करा. कामापुरता प्रोसेसर घ्या, लॅपटॉपची चिप असलेला छोटा संगणक चालतो का पाहा, ग्राफिक्स कार्डाची खरंच गरज आहे का ते विचारा. पॉवर सप्लाय कार्यक्षम घ्या. २००४ मध्ये सुरू झालेलं एटी प्लस हे प्रमाणपत्र इथे कामाला येतं. आतल्या भागांना २०० वॅट हवे असतील तर ७० टक्के कार्यक्षमतेचा सप्लाय सुमारे ८६ वॅट स्वतःच्याच पोटात जाळतो, ९० टक्क्यांचा सुमारे २२. हा ६४ वॅटचा फरक वीजबिलात दिसतो आणि पंख्यात ऐकू येतो.

हार्ड डिस्कची कुरकुर हा एके काळचा मोठा विषय आता एका वाक्यात संपतो: एसएसडी आली, तिच्यात काहीच फिरत नाही. घरातला जुना फोटोंचा साठा अजून फिरत्या डिस्कवर असेल तर ती कॅबिनेटमधून काढून वेगळ्या खोलीत ठेवता येते.

आता टिकाऊपणा. इथे आकड्यांनी माणसाला फसवण्याची परंपरा जुनी आहे. हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात बिघाडांमधलं सरासरी अंतर दहा लाख तास असं लिहिलेलं असतं. दहा लाख तास म्हणजे एकशे चौदा वर्षं. डिस्क तुमच्या नातवंडांना पुरेल, असा त्याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच की ऐन वयातल्या शंभर डिस्क वर्षभर चालवल्या तर कागदोपत्री त्यांतली एखादी बिघडेल. ती तुमची नसेल असं कोणी म्हटलेलं नाही. गूगलच्या तिघा अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मध्यम तापमानाचा आणि बिघाडाचा लोक समजत होते तेवढा जवळचा संबंध त्यांना आढळला नाही. हा निष्कर्ष उष्णतेला दोष देणाऱ्या आमच्यासारख्यांनी नीट वाचावा असा आहे. डिस्कच्या बाबतीत धग हा एकमेव खलनायक नाही. वय आहे, धक्के आहेत, वीज आहे. म्हणून डिस्क कोणतीही असो, दुसरी प्रत हवीच.

कपॅसिटरची गोष्ट मात्र उघड उघड धगीची आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, हा अभियंत्यांचा जुना ठोकताळा. शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर आणि पॉवर सप्लायमध्ये शिरले. त्यांची डोकी फुगली, तपकिरी द्रव बाहेर आला, आणि नामांकित कंपन्यांना लाखो बोर्ड बदलून द्यावे लागले. आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांची एक पिढी तेवढ्यावर सोल्डरिंग शिकली. त्यानंतर चांगल्या मदरबोर्डांवर घन पॉलिमरचे कपॅसिटर आले. पण आपल्या बाजारात कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणारा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, असतो, हातात घेतला तर पोकळ डब्यासारखा हलका, वर ठसठशीत अक्षरांत ४५० वॅट. त्यातला पंखा लहान, कपॅसिटर स्वस्त, संरक्षण नावापुरतं. संगणकातला पैसा कुठे वाचवू नये, या प्रश्नाचं एकच उत्तर द्यायचं झालं तर मी या डब्याकडे बोट दाखवीन.

परदेशी पुस्तकांत नसलेला आणि या पुस्तकात भरपूर असलेला भाग यापुढे सुरू होतो, तो म्हणजे आपली हवा आणि आपली वीज. प्रोसेसरचं तापमान हे खोलीच्या तापमानावर चढलेलं असतं. युरोपातला परीक्षक बावीस अंशांच्या खोलीत एखादा हीटसिंक तपासतो आणि प्रोसेसर बासष्ट अंशांवर राहिला, पंखा ऐकूसुद्धा आला नाही, असं लिहितो. तोच हीटसिंक मे महिन्यात चंद्रपूरच्या घरात, जिथे बाहेर ४५ आणि खोलीत ३८ अंश आहेत, तेवढंच काम करताना अठ्ठ्याहत्तरवर जाईल, आणि आपोआप वेग वाढवणारा पंखा ओरडू लागेल. हीटसिंकमध्ये दोष काहीच नाही. न्यू जर्सीतला मुलगा आईवडिलांसाठी भागांची यादी निवडून पाठवतो, तेव्हा ती यादी न्यू जर्सीच्या खोलीसाठीच असते. (एके काळी अशा प्रेमळ खरेदीत अमेरिकेहून आणलेल्या एसएमपीएसच्या पाठीवरची लाल कळ ११५ व्होल्टवरच राहून जाई आणि पहिल्याच दिवशी फटाका वाजे. आताच्या चांगल्या सप्लायना ती कळ नसते.)

दुसरीकडे आपल्या घरांत छताचा पंखा आहे, आणि तो संगणकापेक्षा मोठा आवाज करतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये संगणकाचा आवाज झाकला जातो आणि डिसेंबरात, छताचा पंखा बंद झाल्यावर, तोच संगणक अचानक ‘बिघडल्यासारखा’ वाटतो. गोंगाटाच्या शहरात शांत संगणकाचे चोचले कशाला, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि ती आपल्या किती वस्त्यांत पाळली जाते हे सर्वांना ठाऊक आहे. तरी आक्षेप पटत नाही. रस्त्याचा आवाज येतो आणि जातो. डोक्यापासून दोन फुटांवरची एकसुरी घरघर तासन्‌तास जात नाही. आणखी एक व्यवहारी कारण आहे. शांत यंत्राचं दुखणं लवकर ऐकू येतं. सुकत चाललेलं बेअरिंग, डिस्कची टकटक, धुळीने जड झालेला पंखा, हे सगळं गोंगाट्या यंत्रात शेवटपर्यंत कळत नाही.

धूळ हा देशावरचा शत्रू, दमट खारी हवा हा कोकण आणि गोव्यातला. पावसाळ्यात बंद पडलेला संगणक रॅम काढून तिची सोनेरी टोकं खोडरबराने पुसली की सुरू होतो, ही किमया करणारा तंत्रज्ञ प्रत्येक तालुक्यात आहे. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं, हेही तोच सांगतो. विजेची कहाणी याहून मोठी. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार असलेल्या कितीतरी घरांत संगणक निर्दोष असतो. सॉकेटला अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या आतल्या गाळणीतून अगदी थोडी वीज पत्र्यावर येते, तिने जमिनीत जायचं असतं, आणि वाट नसल्यामुळे पत्रा सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह क्षुल्लक असतो, पण ही खूण गंभीर आहे. आणि यूपीएस! ६०० व्हीएचा यूपीएस सहसा ३६० वॅटच देतो, उन्हाळ्यात त्याची बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि लाइट गेल्यावर तो जे बोंबलतो त्यापुढे संगणकाचे सगळे पंखे शहाणे ठरतात. शांत संगणकावरच्या पुस्तकात यूपीएसचं स्वतंत्र प्रकरण असलेलं मी प्रथमच पाहिलं, आणि ते असायलाच हवं होतं.

हे सगळं आत्ता का? एक तर २०२० नंतर झोपायच्या खोल्यांची कार्यालयं आणि वर्ग झाले, ते पूर्णपणे परत उलटलेले नाहीत. मायक्रोफोन आपल्या कानांपेक्षा निर्दय असतो. ऑनलाइन शिकवणाऱ्या बाईंचा आवाज पंख्यासकट पोचतो. दुसरं, बाजार दोन टोकांना गेला आहे. एका टोकाला २०२० च्या शेवटी आलेली पंखाविरहित मॅकबुक एअर आणि मुठीएवढे संगणक. दुसऱ्या टोकाला २०२५ चं ५७५ वॅट खाणारं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे उन्हाळ्यात खोलीत चालू ठेवलेला हीटरच. मधला, साधा, जोडून घेतलेला संगणक कसा असावा हे सांगणारं कोणी राहिलेलं नाही. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि चांगली चालणारी असंख्य यंत्रं कागदोपत्री म्हातारी झाली. त्यांतली बरीच जुनी नाहीत, नुसती धुळीने माखलेली आहेत. नवी थर्मल पेस्ट, एक चांगला पंखा, एक एसएसडी आणि लिनक्स एवढ्यावर ती आणखी काही वर्षं निघू शकतात. कार्यालयांनी काढून टाकलेली, रीफर्बिश्ड म्हणून विकली जाणारी यंत्रंही याच हिशेबात येतात, आणि ती निवडताना काय ऐकावं आणि काय पाहावं, हे सांगणारी पानं विद्यार्थ्यांच्या पालकांनी आधी वाचावीत.

पुस्तकाचे लेखक दोघे आहेत, एक दुरुस्तीच्या टेबलावरचे आणि एक वर्गातले, आणि त्याचा फायदा पानोपानी दिसतो. त्यांनी मॉडेलांची नावं जवळजवळ टाळली आहेत. वर्षभरात शिळी होणारी यादी देण्यापेक्षा निवड कशी करावी ते दाखवलं आहे. ‘कोणता चांगला?’ या प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत. उलट विचारतात: खोली कोणती, काम कोणतं, दिवसाचे तास किती, अर्थिंग आहे का, धूळ कोण पुसणार? रोजच्या तंत्रज्ञानाबद्दल आपण घरात आणि दुकानात कसं बोलतो, हा पुस्तकाचा दुसरा धागा आहे. दुकानदाराला शत्रू न समजता त्याच्याकडून एसएमपीएसचं पूर्ण नाव बिलावर कसं लिहून घ्यावं, दुरुस्तीवाल्याला बिघाडाचं वर्णन नेमकं कसं करावं, हे त्यांनी संवादांच्या रूपात लिहिलं आहे. ‘चालत नाही’ आणि ‘सुरू होतो पण दहा मिनिटांनी बंद पडतो’ यांतल्या फरकाने दुरुस्तीचे दोन तास वाचतात.

लेखकांशी माझा एक मतभेद आहे आणि तो इथे नोंदवण्याची परवानगी त्यांनी दिली आहे. बिनपंख्याच्या यंत्रांवर त्यांचं जरा जास्त प्रेम आहे. पुण्याच्या किंवा नाशिकच्या हिवाळ्यात ते प्रेम रास्त आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या छताखाली, पाचशे फेऱ्यांवर फिरणारा एक मोठा पंखा ऐकू येत नाही आणि आतलं तापमान मात्र ठळकपणे उतरवतो. पूर्ण शांततेच्या नावाखाली कपॅसिटर भाजून काढण्यात शहाणपण नाही. ॲपल थ्रीने ते एकदा करून दाखवलं आहे. लेखकांचं म्हणणं असं की कमी वॅटची चिप घेतली तर तेवढी धग होतच नाही आणि पंखा गेला की धुळीचा अर्धा प्रश्नही जातो. वाद पूर्ण मिटलेला नाही.

तो मिटवायला वाचकांची मदत लागेल. नागपूर, अकोला, जळगाव, परभणी या बाजूच्या वाचकांना विनंती अशी: मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान आणि पंख्याचे फेरे या तीन नोंदी तारखेसह लिहून प्रकाशकांकडे पाठवा. यंत्राला पंखा नसेल तर तसं लिहा. उन्हाळ्याचं प्रकरण दुसऱ्या आवृत्तीत या नोंदींवरून नव्याने लिहायचं लेखकांनी मान्य केलं आहे.